सदतीस, त्रेचाळीस, अठ्ठावन्न

बायको म्हणते, मी दूधवाल्याचीही उलटतपासणी घेतो. घेतो. कॉलेजात शिकवून आणि बावीस वर्षं टीव्हीवर निवडणुकांचे अंदाज सांगून ज्याचं पोट भरलं, त्यानं दुसरं काय करावं? माणसं मत एकाला देतात, नाव दुसऱ्याचं सांगतात आणि सर्वेक्षक लिहितो तिसरंच. या सगळ्यांवर विश्वास न ठेवणं हेच माझं काम. त्यात मी इतका तरबेज झालो, की लोक मला आकडेमास्तर म्हणू लागले.

माझी हुकमी युक्ती वयाची होती. कुणाच्याही दारात उभं राहून वय विचारा. "असेल चाळीस", "लिहा पंचावन्न", असंच उत्तर येतं. खऱ्या फॉर्मांत अशी गोल वयं ढिगानं सापडतात. घरी बसून खोटे फॉर्म भरणारा मात्र डोकं चालवतो. खरं वाटावं म्हणून तो सदतीस लिहितो, त्रेचाळीस लिहितो, अठ्ठावन्न लिहितो. तिथेच त्याचं पितळ उघडं पडतं.

हे मला कळलं ते माझ्या धाकट्या भावामुळे. माझ्या पहिल्याच सर्वेक्षणात त्याला शंभर घरं दिली होती. पठ्ठ्यानं साठ फॉर्म पलंगावर लोळत भरले. मी ते पकडले आणि घरात पाहुणे बसले असताना, त्यांच्यादेखत त्याचा पाणउतारा केला. त्यानंतर त्याला माझ्या कामाच्या आसपास फिरकू दिलं नाही.

यंदा तो ज्या छापखान्यात होता तो बंद पडला. "सख्खा भाऊ आहे तुमचा. आता पन्नाशीला आला. एकदा विश्वास टाकून बघा," असा बायकोनं लकडा लावला. शेवटी मी त्याला नदीपलीकडचे सात मतदारसंघ दिले. देताना दम भरला, "अंदाजपंचे काही लिहायचं नाही." तो मान खाली घालून हो म्हणाला.

तीन आठवड्यांनी गठ्ठा आला. पाचशे साठ फॉर्म, अक्षर सुबक. नदीपलीकडचा पट्टा म्हणजे सत्ताधाऱ्यांचं घरचं अंगण. फॉर्मांत मात्र सातपैकी सहा जागांवर विरोधक पुढे होते. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी वयाचा रकाना काढला. एकोणचाळीस, सत्तेचाळीस, बासष्ट, एकतीस. गोल वयांचा नेहमीचा ढीग कुठेच नव्हता. खोटं कशाला सांगू, मला राग आला नाही. बरं वाटलं. बावीस वर्षांपूर्वी मी त्याला ओळखलं होतं ते बरोबर होतं, याचा आनंद झाला.

फोन करून विचारता आलं असतं. पण चोराला विचारून चोरी कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. गठ्ठा बाद केला आणि त्या पट्ट्यासाठी मागच्या निवडणुकीचेच आकडे धरले.

मतदान संपलं त्या संध्याकाळी, सत्ताधारीच परत येणार, असं मी जाहीर केलं. कार्यक्रमात थोडा वेळ उरला होता. निवेदिकेनं विचारलं, "सर, तुम्ही फसत कसे नाही?" मी वयाची युक्ती रंगवून सांगितली. वर हेही सांगितलं, की यंदा नदीपलीकडच्या आमच्या एका माणसानं घरबसल्या साडेपाचशे मतदार जन्माला घातले. सगळा स्टुडिओ हसला. नाव मी घेतलं नव्हतं. पण तिकडे घरोघरी कोण फिरलं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ते ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं.

मतमोजणीच्या दिवशी दहा वाजेपर्यंत सगळं माझ्या आकड्यांप्रमाणे चाललं. मग नदीपलीकडचे आकडे यायला लागले. सातपैकी सहा जागा विरोधकांकडे गेल्या आणि त्या सहा जागांनी सत्ताच उलटली. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की लेकाचा नेम लागला कसा?

जाहिराती लागल्या तसा मी स्टुडिओबाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन भावाच्या घरी फोन लावला. भावजयीनं उचलला.

"ते येणार नाहीत फोनवर, दादा. तुमचा तो कार्यक्रम झाल्यापासून घराबाहेरसुद्धा पडले नाहीत."

"मला एवढंच सांग, वयं कुठून आणली त्यानं?"

"मतदार यादीतून. यादी हातात घेऊनच फिरायचे. दारात नाव विचारायचे, यादीत शोधायचे आणि तिथलं वय उतरवायचे. वय विचारलं की लोक तोंडाला येईल ते सांगतात, म्हणाले. अंदाजपंचे लिहायचं नाही, हे तुम्हीच बजावलं होतं ना?"

मतदार यादीत प्रत्येकाचं वय छापलेलं असतं, हे मी वर्षानुवर्षं कॉलेजात शिकवत आलोय.

तेवढ्यात निर्माता शोधत आला. माझा पुढच्या पाच वर्षांचा करार त्याच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. "शेवटच्या दोन दिवसांत वारं फिरलं, एवढंच म्हणा," तो म्हणाला. "सगळे तेच म्हणतायत. आपणही तेच म्हणू."

मी खुर्चीवर जाऊन बसलो. निवेदिकेनं विचारलं, "कुठे चुकलं, सर?"

"वारं वगैरे काही फिरलं नाही," मी म्हणालो. "ज्या माणसाला मी इथे बसून खोटं ठरवलं, तो माझा धाकटा भाऊ आहे. तो खरोखर घरोघरी फिरला. त्याचे फॉर्म बरोबर होते. मी ते टाकून दिले, कारण ते त्याचे होते. मी त्याची माफी मागतो."

निवेदिका समोरचे कागद चाळायला लागली. पुढच्या ब्रेकनंतर माझ्या जागी दुसरे एक प्राध्यापक बसले होते. कराराचं काय झालं, ते कुणाला विचारायची मला गरज वाटली नाही.

दुपारी गाडीत बसून पुन्हा फोन लावला. या वेळी त्यानंच उचलला.

"बघितलंस का?" मी विचारलं.

"बघितलं."

मग म्हणाला, "दादा, एक विचारू? ते तुला चॅनेलनं बोलायला सांगितलं होतं का? म्हणजे भाऊ, माफी वगैरे. लोकांना आवडतं तसलं."

"नाही रे. माझं मी बोललो. तुझी शपथ. उलट त्यापायी करार गेला माझा."

"असं तू म्हणतोस," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याच्या जागी मी असतो, तर मीही हेच म्हणालो असतो.