शेठची शिंक

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी शेठच्या वाटीत पाणी ओतत होतो. नर्स म्हणाली, "तुम्ही लगेच या." कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाटी भरून पाणी फरशीवर पसरलं. शेठने ओला झालेला पाय झटकला आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. बायको गेल्याचं मला असं कळलं. त्यालाही तेव्हाच कळलं असावं, असं मी धरून चालतो.

शेठ हा तिचा ससा. पांढरा, कानांची टोकं करडी, दिवसभर लोडाला टेकल्यासारखा बसून खाणारा. नाव तिनेच ठेवलं. "घरात एक तरी माणूस पैसेवाला दिसू दे," असं ती माझ्याकडे बघत म्हणायची. मी सुतार आहे. घराच्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं.

ती गेल्यावर शेठने खाणं सोडलं. गवत तसंच, कोथिंबीर तशीच. सशाचं पोट रिकामं राहिलं तर तो फार टिकत नाही, हे ती मला नेहमी सांगायची. मी घाबरलो. तिच्या मागे तिचा ससाही गेला तर तिला काय तोंड दाखवू, असं झालं. शेवटी तिच्या आरशाच्या टेबलाचा खालचा खण बाहेर काढला. त्यात ती कंगवे, टिकल्या आणि पावडरचा डबा ठेवायची. तो रिकामा करून त्यात गवत पसरलं. तिच्या वासाने तरी खाईल, असा हिशेब. शेठने खणाला नाक लावलं, टुणकन आत उडी मारली आणि खायला लागला. मी तिथेच फरशीवर बसून त्याच्याबरोबर एक भाकरी संपवली. मीही बरेच दिवस नीट जेवलो नव्हतो.

मग तो खणच त्याचं अंथरूण झाला. आणि थोड्याच दिवसांत शेठ शिंकायला लागला.

आधी मला मजा वाटली. मी एखादं गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायचो, "हा काही परत येत नाही," आणि शेठ शिंकायचा. लोकांच्या कामात माशी शिंकते, माझ्या कामात ससा. पण शिंका वाढल्या. नाक ओलं राहू लागलं. पुढच्या पायांची आतली बाजू चिकट होऊन केसांचे पुंजके झाले. मी त्याला पिशवीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. जाताना घरात होतं ते खोकल्याचं औषधही खिशात टाकलं.

डॉक्टर माझ्या भाचीएवढी होती. तिने आधी बाटली काढून घेतली.

"काका, हे माणसांचं आहे. याला पाजलंत का?"

"नाही. विचारायला आणलं."

"देव पावला. माणसांच्या औषधांनी सशाचं पोट बिघडतं, जीवही जातो. आणि पिशवीत आणू नका, तो काही भाजी नाही."

तिने छाती तपासली, दात पाहिले, पायांचे चिकट केस दाखवले. "या पायांनी नाक पुसतो आहे. ससे फक्त नाकानेच श्वास घेतात. नाक बंद झालं की खाणं बंद. घरात धूळ आहे का?"

"मी सुतार आहे."

तिने पेन खाली ठेवलं. "मग आणखी काय विचारू?"

मी रंधा, करवत, सगळं मागच्या अंगणात हलवलं. गवत बाहेर झटकून मग आत आणायला लागलो. त्याची घाणीची जागा रोज धुऊ लागलो, कारण लघवीच्या उग्र वासानेही नाक जळतं म्हणे. डॉक्टरने पातळ औषध दिलं होतं, ते सुई नसलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेने द्यायचं. शेठला टॉवेलात गुंडाळावं लागे. तो असा बघायचा की मी त्याची तिजोरी फोडतो आहे. शिवाय छोट्या यंत्राने, नळीतून मिठाच्या पाण्याची थंड वाफ द्यायची होती. त्यासाठी बंद पेटी हवी. पेटी म्हटल्यावर मला हुरूप आला. मी त्याच खणावर काच बसवली, हवेला फट ठेवली, नळी आत सोडायला भोक पाडलं. असं सफाईदार काम मी गिऱ्हाइकाचंही केलं नव्हतं.

औषधाने थोडा उतार पडला, पण वाफ घेतली की शिंका उलट वाढायच्या. मी परत गेलो. डॉक्टरने नाकातला चिकटा काडीवर घेऊन तपासायला पाठवला आणि औषध बदललं.

"घरात अजून काही आहे? उदबत्ती, फिनेल, अत्तर?"

"काही नाही," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. माझ्या नाकाला लाकूड सोडून काही कळत नाही.

तेवढ्यात धाकटी मेहुणी भेटायला आली. दारातच थांबली.

"भाऊजी, ताई आत्ताच तयार होऊन बाहेर गेल्यासारखा वास येतोय."

"तुला भास होतो."

"मला भास होतो, आणि तुम्हाला सर्दी झालीय." ती वास घेत घेत खणापाशी पोचली. शेठला उचलून माझ्या हातात दिलं, मला लांब पिटाळलं, गवत काढलं, खण उलटा केला आणि तळावर दोन थापा मारल्या. सांध्यांतून पांढरी पावडर झरली. वर्षानुवर्षांची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या कुशीत, शेठ लागोपाठ शिंकला.

"अहो, तुम्ही याला रोज पावडर हुंगवत होतात. वर झाकण लावून."

"त्याला तिचा वास लागतो. त्याशिवाय तो खात नाही."

"ताई असती तर तुम्हालाच खणात बसवून वर काच ठेवली असती."

मी म्हणालो, खण काढला आणि याने पुन्हा खाणं सोडलं तर? येताना तिने स्वतःसाठी चपला घेतल्या होत्या. चपला पायात घातल्या, पुठ्ठ्याचा खोका रिकामा केला, एक बाजू फाडली, गवत टाकलं आणि जमिनीवर ठेवला.

शेठ माझ्या हातातून उतरला. खोक्याला एक फेरी घातली. आत शिरला, बूड टेकलं आणि कराकरा खायला लागला.

इतकी वर्षं सुतारकाम करतोय, असा अपमान कोणी केला नव्हता.

"त्याला अडचणीची जागा लागते, एवढंच," मेहुणी म्हणाली. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "वास त्याला लागत नव्हता, भाऊजी." आणि चहा टाकायला आत गेली.

आता वाफ आम्ही प्लास्टिकच्या डब्यात देतो. डबा कुरूप आहे, पण धुता येतो. काडीचा अहवाल आला, जंतू कोणते ते कळलं आणि नव्या औषधाने नाक सुकलं. डॉक्टर म्हणाली, हा आजार सशांत कधी कधी मुरून राहतो, डोकं वर काढू शकतो, लक्ष ठेवा. शेठ अजून अधूनमधून एखादी शिंक देतो, बहुतेक मी काही ठासून बोललो की. पायांचे केस पांढरे झाले आहेत. वजन वाढलं आहे. काल त्याने मेहुणीच्या नव्या चपलेचा पट्टा खाल्ला. ती म्हणते, खोका दिला हीच चूक झाली.

खण मी प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवला आहे. आरशाच्या टेबलाला खाली भोकसं दिसतं. खण ओल्या फडक्याने पुसून, उन्हात वाळवून परत बसवायचा आहे. काम फार नाही. अजून केलेलं नाही.