आधी नमस्कार, मग पाय

नांदुऱ्याच्या स्टुडिओचं शटर सकाळी कुणीही उघडो, मागच्या डार्करूमची किल्ली मात्र मनकर्णाबाईंच्याच कमरेला. शाळा चौथीत सुटली. पण फोटो धुण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत. दुसऱ्यानं सांगायची वाट पाहत बसायला वेळ कुणाला आहे?

त्या दिवशी जळगाव जामोदचे वामनराव आले. वय बासष्ट. हातात मामाच्या ट्रंकेत सापडलेली निगेटिव्ह. निंबाखाली बसलेली बाई, मांडीवर तान्हं पोर, मागं रणरणतं ऊन.

“मांडीवरचा मी, बाई. माय गेली तवा दीड वर्षाचा होतो. तिचं तोंड काही आठवत नाही. एकानं काम्पुटरवर नाक-डोळे बसवून फोटो देल्ला. मामी म्हणे, हे शेवंता नाहीच! कोण्या परक्या बाईले महिनाभर हार घालून राह्यलो होतो मी.” ते हसले, पण हसू टिकलं नाही. “मायले पाह्यलेली आता मामी एकटीच उरली. नव्वदीची, अंथरुणावर. तिनं एकदा हो म्हणावं, बस.”

मनकर्णाबाईंनी निगेटिव्ह उजेडाकडं धरली. “तोंड आहे यात. सावलीत लपलं. थांबा, काढते.”

काढायचं म्हणजे काय, तर एन्लार्जरचा, म्हणजे फोटो मोठा करणाऱ्या यंत्राचा, उजेड निगेटिव्हमधून खालच्या कागदावर पडतो. जिथं निगेटिव्ह पातळ, तिथं कागद काळा. सावलीतले चेहरे नेमके पातळ. म्हणून उजेड चालू असताना तारेच्या टोकाची पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलवत धरायची, की तो काळवंडत नाही. इथं चेहरे दोन. दोन्ही हात गुंतले, मग टायमरचं बटण कोण दाबणार? पूर्वी किसनराव दाबायचे. संसारात नवऱ्यानं न चुकता केलेलं तेवढं एकच काम, असं बाई म्हणत. आता किसनराव नाहीत, आणि ते उभे राहायचे तिथं गजेंद्रनं, म्हणजे मुलानं, फ्लेक्सचे रोल कोंबलेले. खोलीत एकच माणूस कसंबसं मावतं.

नात हिमानी नाशिकला फोटोग्राफी शिकते. सुट्टीत येताना तिनं नवा टायमर आणला होता, त्याला वायरीनं जोडलेलं पायाचं बटण.

“आजी, पायानं एकदा दाबायचं. अठरा सेकंदांनी दिवा आपोआप विझते. हात मोकळे.”

“यंत्राले पाय लावू? दसऱ्याले ज्याले झेंडू वाह्यतो त्याले? तुह्या कालेजात हेच शिकवतात काय व?”

“तिथं सगळेच पायानं दाबतात.”

“मंग तिथल्याईले पाय असतीन, संस्कार नसतीन.”

कागद तीनच उरले होते. पुढची पेटी महिन्यानं येणार. मामी महिना काढेल याचा भरवसा नव्हता.

पहिला कागद बाईंनी हट्टापायी घालवला. बटण हातानं दाबलं आणि दुसरी चकती घेईपर्यंत व्हायचं ते झालं. लेकरू आलं, माय काळी ठिक्कर.

“आजी, पाय!” दाराबाहेरून हिमानी.

“समजलं. शहाणी आहेस तू.”

दुसऱ्या कागदाला त्यांनी दात-ओठ खाऊन पाय ठेवला. दिवा लागला, चकत्या हलू लागल्या, सगळं झकास. आणि पाय उचलताच उजवा हात आपसूक खाली गेला, बटणाला लागला, कपाळाला लागला. दाण्याला, पुस्तकाला, सुपाला पाय लागला की जायचा तसाच, सत्तर वर्षांच्या सवयीनं. औषधाच्या ट्रेमध्ये शेवंताच्या जागी काळोख उमटला आणि त्यावर कोपराचा पांढरा पट्टा.

“आजी, काय झालं?”

“हातालेच संस्कार जास्त झाले.”

बाहेर वामनराव खोकले. बाईंना ते खोकणं लागलं. शेवटचा कागद. लाल दिव्यात त्या गुडघे धरत खाली बसल्या. बटणावर दोन्ही तळवे ठेवले, कपाळ टेकवलं.

“जी काय माफी मागायची ती आत्ताच मागून घेतली. मंग मधात हाताले बोलावजो नोको,” त्या बटणाला म्हणाल्या. फ्लेक्सच्या रोलांकडं पाहून हळूच किसनरावांना म्हणाल्या, “तुमच्या जागी हे बटण आलं. पाय लावला तं रागाऊ नका.”

कागद लावला. पाय दाबला. हात खाली जायला वळवळला.

“गप. तुहा नमस्कार करून झाला.”

अठरा सेकंद चकत्या भिंगोरीसारख्या हलत राहिल्या. ट्रेमध्ये आधी निंब आला, मग पोराची टाळू, मग पदराच्या कडेतून सावकाश एक तोंड. रुंद कपाळ, उजव्या भुवईवर तीळ.

बाहेर वामनरावांनी फोटो पाहिला आणि बोट आपसूक स्वतःच्या उजव्या भुवईवर गेलं. तिथंही तीळ होता.

“रडायचं तं घरी जाऊन रडा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “आत्ताच वाळवला तो.”

संध्याकाळी वामनरावांचा फोन आला. मामीनं फोटो छातीशी धरला होता, सोडतच नव्हती.

“हो म्हणाली काय?” हिमानीनं विचारलं.

“हे काय विचारणं झालं व?” बाईंनी किल्ली कमरेला खोचली. “जाय, ते बटण पुसून ठेव. अन् हातानं पुसजो.”