अल्पेश महाराज आणि उकळतं पोलाद

अंबरनाथच्या एका पोलाद ओतणाऱ्या फाउंड्रीत अख्खी पाळी भट्टीपुढे हात जोडून उभी होती. अल्पेश महाराजांनी लांब दांड्याच्या पळीने अंगाऱ्याची पुडी रटरटत्या पोलादात बुडवली आणि बघता बघता पोलाद गप्प झालं. कुणी नारळ फोडला, तर एकाने महाराजांच्या सेफ्टी बुटांनाच डोकं टेकवलं.

"अग्निदेवाशी आपलं डायरेक्ट बोलणं आहे. मिस्ड कॉल दिला तरी उचलतात," महाराज म्हणाले. "पण नजर त्या वाळू चाळणाऱ्या नवसीची आहे. तिला काढा, नाहीतर उद्या पुन्हा उकळेल."

महिनाभर ओतलेल्या मालात भोकं पडत होती आणि सगळ्यांना कुणीतरी दोषी हवंच होतं. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणाऱ्या नवसीचं घर याच कामावर चालायचं.

प्रयोगशाळेतल्या प्रतिभाने सांडलेला चिमूटभर अंगारा कागदावर उचलला आणि आपल्या टेबलाकडे धूम ठोकली. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तो फसाफसा फेसाळला, तशी ती एकटीच खदखदून हसली. नुसती राख अशी फेसाळत नाही. ही अ‍ॅल्युमिनियमची पूड होती.

दुसऱ्या दिवशी नवसीची हजेरी न लावता तिला दाराशी बसवलं, तरी भट्टी पुन्हा उकळू लागली. प्रतिभाने सळईच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे तारेने बांधले आणि सळई नवसीपुढे धरली.

"मी नाय बा. मना सगली चेटकीन म्हनतान."

"म्हणूनच तुम्ही घाला, ताई."

"रिस्क नको घेऊ, पोरी," पाळीची हजेरी ठेवणारे भट्टीवाले हरिचंद्र काका घाबरून म्हणाले.

"काका, भट्टीत टाकायचा भंगारातला स्क्रॅप पावसात पडून गंजलाय. गंजातला ऑक्सिजन पोलादातल्या कार्बनला भेटतो, त्याचा वायू होतो आणि पोलाद उकळतं. ओतताना तोच वायू आत अडकला की भोकं पडतात. अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ कार्बनपेक्षा जास्त. ते ऑक्सिजन पकडतं, त्याचं ऑक्साइड वर तरंगतं आणि मळीबरोबर निघून जातं. तुम्ही किती तुकडे टाकता?"

"पाच. माझ्या उस्तादांनी शिकवलेत."

"ते कोरड्या स्क्रॅपला. आज बारा लागतील."

तोंडावर जाळी, हातात मोजे चढवून नवसीने सळई बुडवली. उकळी बसली. प्रतिभाला टाळ्या वाजवत नाचावंसं वाटलं आणि ती खरंच नाचली. महाराज तेवढ्यात शेअर रिक्षा पकडून शेजारच्या कॅम्प तीन वस्तीकडे पसार झाले. कालचा बूटवाला भक्त आता नवसीपुढे वाकला.

"पाया परू नको," नवसी त्याला म्हणाली आणि काकांकडे वळली. "माजी हजेरी लाव."

काकांनी मान खाली घालून तिची हजेरी लावली.

तेव्हा मंडळी, भट्टी उकळली तर आधी स्क्रॅप बघा, अंगारा दिसला तर तपासून घ्या, आणि एखाद्या बाईकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हातून काय राहिलं ते शोधा.