गोणीवरचा दगड

आमच्या पथारीवर खोकला म्हणजे हजेरी. सकाळी आठला मी फाटकापाशी उभी राहायचे आणि बायका आत येताना डोकी मोजायची गरजच नसायची, कान दिले की पुरे. जिचा खोकला ऐकू आला नाही ती आज आलीच नाही, असं मी म्हणायचे. सगळ्या हसायच्या आणि हसता हसता पुन्हा खोकायच्या.

पथारी म्हणजे काय ते नंदुरबारच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यासाठी सांगते. गावाबाहेरचं मोठं मोकळं मैदान, त्यावर वाळत घातलेली लाल मिरची आणि कडेला ओळीने बसून देठ खुडणाऱ्या चाळीस बायका. मी कौसाबाई, त्यांची मुकादम. बावीस वर्षं झाली. तोंडाने फटकळ आहे हे मला माहीत आहे, कोणी सांगायला येऊ नये.

इथे प्रत्येक बाईची जागा तिच्या गोणीने ठरते. रिकामी गोण घडी करून अंथरायची आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर दगड ठेवायचा. बाई बाळंतपणाला गेली, माहेरी गेली, तरी मुकादमाने रोज तिची गोण अंथरून दगड ठेवला की ती जागा तिची. तिथे दुसरी बसत नाही. दगड उचलला की जागा गेली. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे लिहिलेल्यापेक्षा पक्कं आहे.

यंदा धंदाच बसला. मसाल्याच्या कारखान्यांनी माल उचलणं थांबवलं, गोदामं भरून गेली आणि संक्रांत झाल्यावर आमच्या मालकांनी, उमाकांतभाईंनी, पथारी बंद केली. उमाकांतभाई तापीकाठचे गुजर, घरची केळी सांभाळून हा व्यापार करणारे. बोलायला मऊ, पण एकदा ठरलं की ठरलं. चाळीस घरांतल्या चुली एका वेळेवर आल्या. सुरतेला गेलेले पुरुषही परतत होते, तिकडचे मागही थंडावले होते. मागायचं तर कोणाकडे, अशी गत.

महिना होत आला तेव्हा मी रेशनच्या रांगेत उभी होते. रांगेत सगळ्या आमच्याच बायका, आणि रांग गप्प. मला आधी कळेचना काय चुकतंय. मग लक्षात आलं, कोणी खोकत नव्हतं. मिरची थांबली तसे सगळ्यांचे घसे पंधरा दिवसांत मोकळे झाले होते. एकच खोकला येत होता, रांगेच्या शेवटून, पदरात दाबलेला. बेबीबाईचा.

बेबीबाई दिवाळीपासून खोकत होती. गालाची हाडं वर आली होती, ब्लाऊज सैल झाला होता. आणि मी तिला काय सांगितलं होतं? "मिरचीमा खोकला ऱ्हासच वं. गूळ खाय." गूळ! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. पत्र्याची एक खोली, दोन पोरी, नवरा भिला हमाल, तोही काम नाही म्हणून घरीच. तो पाणी भरायला बाहेर गेला तसं मी सरळ विचारलं.

"बेबी, पथारी बंद शे. मंग तुन्हा खोकला कसा चालू शे?"

"थंडी लागनी, माय."

"महिनाभर? सकाय मन्हा संगे सरकारी दवाखानामा चाल."

तिने उठून दार लोटून घेतलं. "कौसाबाई, तुन्हा पाय पडस. कोनले सांगू नको. पथारी चालू व्हई तवय चाळीसमाईन वीसच बाया लेतीन. यादी तूच करशी. आजारी बाईनं नाव कोन लिखी?"

"मी तशी शे का वं?"

ती हळूच म्हणाली, "जसोदाबाईनी गोण कोनी उचली?"

दोन वर्षांपूर्वी जसोदाबाई तापाने पडली होती. पंधरा दिवस मी तिची गोण अंथरली. तिसऱ्या आठवड्यात हंगाम जोरात आला, हात कमी पडायला लागले आणि मी दगड उचलून ती जागा दुसरीला दिली. जसोदाबाई बरी होऊन आली, तिने जागा बघितली आणि आल्या पावली परत गेली. तेव्हापासून ती मिळेल त्या शेतात निंदणी करायची. मी ते विसरले होते. बाकीच्या एकोणचाळीस जणी विसरल्या नव्हत्या. त्या दगडाने त्यांना पक्कं शिकवलं होतं की दुखणं दाखवायचं नसतं.

मग मी चिडले. माझं असंच आहे, चूक माझी असली की आवाज जास्त चढतो. बेबीबाईला चार शब्द सुनावले आणि तणतणत निघून आले. घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीची आशा सेविका, कामिनी, हिला गाठलं. नाव न घेता विचारलं, एखादीला असं असं होत असेल तर काय करायचं? कामिनीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नाव विचारलं नाही. शहाणी पोरगी आहे. ती म्हणाली, तपासणी फुकट आहे, औषध फुकट आहे, उपचार चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी सरकारचे थोडे पैसेही मिळतात. सगळं आहे, फक्त बाई येत नाही. काम जाईल या भीतीपुढे बाकी कशाचं काही चालत नाही, आणि मंदीत तर ती भीती दुप्पट होते.

म्हणजे किल्ली माझ्याच कमरेला होती, आणि मी ती शोधत गावभर हिंडत होते.

उमाकांतभाईंकडे गेले. पथारी सोमवारी चालू करायची, वीसच बायका घ्यायच्या, असं त्यांनी ठरवलंच होतं. मी म्हटलं, त्या विसांत एक गोण बेबीबाईची, पण ती सध्या येणार नाही.

"वीस बायांपुरतं बी काम नही मन्हाकडे," ते म्हणाले, "अन तू रिकामी गोण अंथराले सांगस?"

"रिकामी नही, शेठ. गोण तिन्ही, बसनारी पाहुनी." आणि मी त्यांना सगळं मांडून सांगितलं. ज्या वीस जणी घरी राहतील त्यांच्यातली रोज एक बेबीबाईच्या गोणीवर बसेल. त्या दिवसाची मजुरी बसणारीची, जागा मात्र बेबीबाईची. पाहुणीने जाताना बेबीबाईच्या घरी भाकरी-भाजी पोचती करायची. तेवढाच घरी बसलेल्या बायकांनाही आळीपाळीने एकेक दिवस मिळेल.

"आज एक आजारी, सकाय सगळ्याच आजारी पडतीन," उमाकांतभाई म्हणाले.

"त्या आजारीच शेतस, शेठ. फक्त लपाडी ऱ्हायन्यात. अन हाई जमत नशी ते यादी तुम्हीच करा. मन्हा हातथीन व्हवाव नही."

त्यांनी एकदा मैदानाकडे नजर टाकली. मला वाटलं, कौसाबाई, बावीस वर्षं संपली तुझी. मग ते म्हणाले, "कर." मी जिन्यापर्यंत पोचले तोवर मागून हाक आली, "अन तिन्हा घर केळीनी फणी धाडसू. पोरी शेतस ना तिले?"

पाहुण्यांच्या यादीत पहिलं नाव, ती चाळिसांत नसली तरी, मी जसोदाबाईचं घातलं. निरोप द्यायला स्वतः गेले. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं.

सोमवारी चाळीसच्या चाळीस बायका फाटकाशी उभ्या. सगळ्यांचे डोळे माझ्या हातातल्या कागदावर. मी कागद कमरेला खोचला आणि आधी बेबीबाईची गोण आणली. सगळ्यांसमोर अंथरली, कोपऱ्यावर दगड ठेवला.

"हाई बेबीनी जागा," मी ओरडले. "ती दवाखानामा जाई ऱ्हायनी. कसाले ते कोनी पुसानं नही. ती बरी व्हई तवलोंग हाऊ दगड हालाव नही. आते यादी आयका."

बेबीबाई फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती. तिने पदर तोंडावरून काढला आणि इतक्या दिवसांचा दाबलेला खोकला सगळ्यांदेखत खोकून घेतला. त्याच दिवशी ती कामिनीबरोबर दवाखान्यात गेली.

तिसऱ्या दिवशी कळलं. टीबीच होता. पण नेहमीच्या औषधांनी बरा होणारा, सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत एवढंच. भिला आणि दोन्ही पोरी तपासल्या, त्यांना काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडले. चहावाला बघत होता, बघू दे म्हटलं.

त्यानंतर गंमत झाली. एकेक बाई मला कोपऱ्यात गाठायला लागली. "मन्ही गोण बी राखशी ना?" आठवड्यात चार जणी. कोणाला रोजचा संध्याकाळचा ताप, कोणाच्या गळ्याला गाठ, एकीला तर वर्षभर अंगावरून जात होतं आणि तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मी राखते म्हटलं. शेवटी कामिनीने एक्स-रेची गाडीच पथारीवर आणली. रांगेत सगळ्या उभ्या राहिल्या आणि मी रांग लावत होते.

कामिनी म्हणाली, "आते तुम्ही, कौसाबाई."

"मन्हा खोकला वराडाना शे," मी म्हटलं, ओरडून ओरडून आलेला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गेले गाडीत.

एक गोष्ट मी तुम्हालाही आत्तापर्यंत सांगितली नव्हती. पथारी बंद होती त्या महिन्यात माझाही खोकला पुरता थांबला नव्हता. रेशनच्या रांगेत बेबीबाईचा एकच खोकला ऐकू आला, कारण माझा मी गिळत होते.

माझ्या एक्स-रेत डाग दिसला. उद्या सकाळी दवाखान्यात या, बेडका द्यावा लागेल, असं सांगितलं. मी कोणालाही बोलले नाही. बायकांना ज्ञान शिकवणारी मी, माझ्या मनात काय आलं असेल? मुकादमाच्या जागेवर डोळा असणारे कोण कोण, तेच आधी आठवलं. बेबीबाईने दार का लोटलं होतं ते मला तेव्हा खरं कळलं.

सकाळी आठला पथारीवर जायच्या ऐवजी दवाखान्यात बसले. दुपारी डॉक्टरबाईंनी हातात कागद दिला. डाग जुना आहे, कधीतरी होऊन गेलेल्या दुखण्याचा. आत्ता टीबी नाही. घसा मिरचीच्या धुळीने सोलवटलाय, तोंडाला फडकं बांधत जा. मी तीनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा त्या हसल्या.

रिक्षा न करता चालत निघाले. पाय हलके झाले होते, पण फाटकापाशी येताच थबकले. बावीस वर्षांत न सांगता मी एक दिवस चुकवला नव्हता. आत कोण ओरडत असेल? कोण बसलं असेल?

कडुलिंबाखाली माझी बसायची जागा. तिथे माझी गोण नीट घडी करून अंथरलेली होती आणि कोपऱ्यावर दगड होता.

"हाई कोनी अंथरी?" मी विचारलं.

बेबीबाईच्या गोणीवर त्या दिवशीची पाहुणी होती जसोदाबाई, तिची पाळी फिरून आली होती. मिरचीवरची नजर न काढता ती म्हणाली, "मी. सकाय तू दिखनी नही. काय सांगं डॉक्टरनी?" मी कोणाला बोलले नव्हते, पण न सांगता दिवस चुकवला यातच तिने ओळखलं होतं.

"काही नही. साफ शे."

"मंग बठ. जागा तुन्हीच शे."

मी दगड उचलला. गोणीवर बसले, पण बसवलंच नाही, उठून तिच्याजवळ गेले. "जसोदा, मन्ही चूक व्हयनी. तुन्हा दगड मी उचलाले नको व्हता."

ओळीतले सगळे हात थांबले. जसोदाबाईने दोन वर्षांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मूठभर मिरची माझ्या ओटीत टाकली आणि बाजूला सरकून गोणीवर मला जागा केली.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "आते देठ खुड."

बावीस वर्षांत पहिल्यांदा ओळीतल्या बाईने मला हुकूम केला आणि मी तो निमूट ऐकला.