दहा रत्तलांचे खोटे

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. पण माझ्यावर बसून कोणी विसावा घेत नाही. माझ्या बाजूला पितळी दांडी आहे आणि तिच्या टोकाला वजनांचे पारडे. कारागिराने मला इतके नेमके घडवले होते, की बसलेल्याने खिशातले घड्याळ काढून ठेवले तरी दांडी हलायची.

मी ज्या वाड्यात होते, त्या वेदरकोट हॉलची एक रीत होती. पाहुण्याचे वजन येताना करायचे आणि निघतानाही. पाहुणा जड होऊन गेला की स्वयंपाकघराची वाहवा व्हायची, थोडी माझीही.

मग मालक वारले. मागे नऊ वर्षांची हेस्टर उरली. तिला सांभाळायला तिची आत्या लाव्हिनिया आली. हेस्टर जगली नाही, तर सारी जमीन आत्याची होणार होती. मालकांनी सांगून ठेवले होते, दर रविवारी पोरीचे वजन करा आणि डॉक्टरांना कळवा.

पोट नाजूक असल्याचे निमित्त करून आत्याने हेस्टरला नुसत्या पातळ पेजेवर ठेवले. पोर उतरू लागली. तेव्हा एका दुपारी आत्याने माझी गादी उसवली आणि आत शिशाची पट्टी शिवली. रविवारी म्हाताऱ्या बटलरने, पर्किसने, दांडी वाचली. चौसष्ट रत्तल, होते तेवढेच. डॉक्टरांनी वजनाची वही पाहिली. पोरीकडे पाहिले नाही.

दर आठवड्याला शिसे वाढत गेले आणि पोर घटत गेली. गादीतले शिसे तिला टोचायचे. पण आत्याने तिला माझ्यासमोरच हळू आवाजात बजावले होते, "तोंड उघडलंस तर बागेतल्या बर्फघरात कोंडीन." ती बसली की माझी दांडी कितीतरी वेळ थरथरत राही. मला ओरडता येत नव्हते. भीतीने मी आतून तडकत होते आणि शिसे इमानाने मोजत होते.

दुखवट्यामुळे वर्षभर पाहुणा आला नव्हता. ती जुनी रीत आत्या विसरूनच गेली होती. मालकांचे स्नेही कर्नल हॅलम आले, तेव्हा आत्या जिना उतरेपर्यंत पर्किसने त्यांना माझ्यावर बसवलेही होते. कर्नल तरुणपणी शर्यतीत घोडे पळवायचे. शर्यतीत स्वाराचे वजन बघतात, त्या सवयीने अजूनही रोज सकाळी स्वतःला तोलायचे.

"दहा रत्तल जास्त? सकाळी घरी तर नव्हते."

आत्या हसली. "वय झालं, कर्नल. पुडिंग कमी करा."

"दहा रत्तलांचं पुडिंग अजून कुणी रांधलेलं नाही, बाईसाहेब. पर्किस, ती गादी काढ बघू."

गादी उचलताना तिच्या भाराने पर्किसचा हात खाली गेला. त्याने शिवण फाडली. शिसे फरशीवर पडले. कर्नलांनी हेस्टरला उचलून माझ्या उघड्या लाकडावर ठेवले.

"चोपन्न," पर्किस म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

"माझ्याकडे येतेस, बाळ?"

हेस्टरने आधी आत्याकडे पाहिले. मग अगदी हळू विचारले, "तिथे पाव मिळेल?"

त्याच दुपारी कर्नल तिला घेऊन गेले.

आता मी माळ्यावर आहे. पितळ हिरवे पडले आहे. कुठे सुईदोरा दिसला तरी अजून मला धडकी भरते. मला घासूनपुसून ठेवा, एवढे मागणे आहेच. पण मित्रांनो, मी सांगितलेला आकडा वहीत लिहिण्याआधी माझ्यावर बसलेल्या लेकराच्या तोंडाकडे बघा, आणि त्याला विचारा, पोटभर मिळतं का रे?