शेजारची खोली

“मिस्टरांसाठी आलेय,” ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

टेबलाशी बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या मागच्या खोलीत पिणं सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग सुरू व्हायची होती. दहा-बारा पुरुष बसले होते, बाई एकही नव्हती.

“मग तुमची खोली शेजारची, ताई. घरच्या माणसांची,” ते म्हणाले. “धीर करून आलात, बरं झालं.”

एवढंच कुणीतरी म्हणावं म्हणून ती पाच दिवस पर्समध्ये तो पत्ता घेऊन फिरत होती. ते मिळालं, पण खोटं बोलून.

गेली एकोणीस वर्षं ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होती. हात इतका हलका, की लोक “त्या बाई आहेत ना?” असं विचारून मगच बाही वर करायचे. आईच्या शेवटच्या दुखण्यात झोप लागेना म्हणून तिने पहिल्यांदा पेला भरला. आई गेली, पेला राहिला. पुढे तो सकाळीही लागू लागला. या सोमवारी एका आजींना तीनदा टोचूनही तिला शीर सापडली नाही.

“असू दे गं, माझ्याच शिरा मेल्या वाईट,” आजी म्हणाल्या. शिरा चांगल्या दोरीसारख्या वर आलेल्या होत्या.

त्याच दुपारी डॉक्टरांनी तिला रिपोर्ट वाटायच्या खिडकीवर बसवलं. संध्याकाळी निघताना त्यांनी एका कोऱ्या पाकिटावर हा पत्ता लिहून तिच्या हातात दिला.

शेजारच्या खोलीत सहा-सात बायका होत्या. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी सरकून तिला जागा दिली.

“तुमचे मारतात का हो?”

“नाही.”

“शिव्या?”

“नाही. फारसं बोलतच नाहीत.”

“आतल्या गाठीचे दिसतात. ते जास्त वाईट.”

तिने मान हलवली. नवऱ्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, आणि उभ्या जन्मात त्याने दारूला हात लावला नव्हता.

पुढच्या वेळी खरं सांगू, असं ठरवून ती दुसऱ्या शनिवारी गेली आणि पुन्हा तिथेच बसली. बायका आपुलकीने विचारायच्या, काहीतरी सांगणं भाग पडायचं. मग तिच्या सांगण्यात नवरा कपाटात कपड्यांखाली बाटल्या लपवू लागला. तिसऱ्या शनिवारी तो लेकीच्या शाळेत, निकालाच्या दिवशी, सगळ्या पालकांसमोर धडपडला. सगळं खरं होतं, फक्त माणूस बदलला होता. शिवणकामवाल्या बाईंनी रडत तिचा हात घट्ट धरून ठेवला. घरी येऊन ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि प्यायली.

त्या बुधवारी जेवताना नवरा म्हणाला, “आज दुकानात एक बाई आल्या होत्या. शिवणकाम करतात. मला डबा देताना तुला पाहिलं म्हणे त्यांनी.”

तिचा हात ताटातच थांबला.

“हळूच म्हणाल्या, भाऊ, बायको गुणाची मिळालीय. तिच्यासाठी तरी शनिवारी मीटिंगला या.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“येतो म्हणालो.”

“अहो, सांगायचं ना, की तुम्ही कधी...”

“इतकं चांगलं बोलत होत्या तुझ्याबद्दल,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “मला ते खोडून काढवेना.”

तिने विचारलं, “कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“आई होत्या तेव्हापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तोंड लपवायला तुला घरातही जागा उरली नसती.”

तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. ती खाली मान घालून शिळं झाल्यासारखं ते जेवण चिवडत राहिली.

शनिवारी दोघं बरोबर गेली. शिवणकामवाल्या बाई दारातच उभ्या होत्या.

“आलात भाऊ! तुमची खोली ती,” त्यांनी पोस्टमास्तरांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

आणि तो खरंच तिकडे वळला. तिने त्याची बाही धरली.

“यांची खोली तुमचीच,” ती बाईंना म्हणाली. “ती माझी आहे.”

“म्हणजे?”

“हे पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. मी सांगितलं ते सगळं माझं होतं.”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. “आणि मी या माणसाला त्याच्याच दुकानात जाऊन...” त्यांनी हात खाली घेतला. “तीन शनिवार रडले मी तुमच्यासाठी.” मग तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “या भाऊ, आत या.”

पोस्टमास्तरांनी काही न विचारता एक खुर्ची पुढे ओढली. पुरुषांचं बोलणं थांबलं. तिची पाळी आली तेव्हा तिने गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून धरले.

“मी पिते,” ती म्हणाली. “आज सकाळीही घेतली.”

कुणी नाक मुरडलं नाही. पोस्टमास्तर म्हणाले, “बसा निवांत,” आणि पुढचा माणूस बोलू लागला.

दोन खोल्यांमध्ये नुसती प्लायवूडची भिंत होती. थोड्या वेळाने तिच्यापलीकडून नवऱ्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. मध्येच तो थांबला, कुणीतरी काही विचारलं, आणि तो पुन्हा बोलू लागला. इतका वेळ सलग बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं.