करुणेची सर्दी

गोदामासमोरची रांग कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेली होती. आत दोन माणसांच्या उंचीचा, स्पंज आणि रबराचा एक अक्राळविक्राळ प्राणी बसला होता आणि लोक त्याच्या पाया पडत होते. त्याला पाय तीन होते, त्यामुळे रांग हळू सरकत होती.

प्राणी माझ्या चांगल्याच ओळखीचा. आमच्या स्वस्तातल्या भयपटात मी त्याच्या पोटात बसून त्याचे हात हलवले होते. पडद्यावर त्याने बरीच माणसं खाल्ली. सिनेमा कुणीच पाहिला नाही, हे त्याच्या पुढच्या कारकिर्दीला फार उपयोगी पडलं.

खाल्लेल्यांपैकी एकजण आता शाल पांघरून त्याच्या शेजारी बसत असे. सेटवर त्याला सगळे 'तिसरा बळी' म्हणायचे. आता करुणानाथ महाराज म्हणत. त्याने डोळे मिटले की प्राण्याच्या डोळ्यांतून अश्रू गळायचे. ते बाटलीत मिळायचे. सगळ्या आजारांवर चालायचे. अट एकच, डॉक्टरचं औषध बंद करायचं, नाहीतर प्रभू रुसतात.

मी हसून सोडून दिलं असतं. पण आत्या हिरव्या पापण्या घेऊन घरी आली.

आत्याला काचबिंदू आहे. रोजचे थेंब चुकले तर नजर कडेकडेने जाते, आणि गेलेली परत येत नाही.

"थेंब बंद केले," ती म्हणाली. "आता प्रभूंचे अश्रू घालते."

"आत्या, ते ग्लिसरीन, पाणी आणि हिरवा रंग आहे. मी स्वतः बादलीत ढवळलंय."

"चुरचुरतं रे. म्हणजे गुण येतोय."

"साबणही चुरचुरतो."

"साबण रडतो का?"

दुसऱ्या दिवशी रांग लागायच्या आधी मी गोदामात घुसलो, प्राण्याच्या पोटाची चेन उघडली आणि जुन्या नोकरीवर रुजू झालो. आत डोळ्यांकडे गेलेली एक नळी होती. ती इकडची तिकडे केली.

आत्याचा नंबर आला. महाराजांनी डोळे मिटले. "हे करुणाघना, या माउलीसाठी दोन अश्रू ढाळ."

प्राण्याच्या नाकातून हिरवी धार लागली.

सगळे महाराजांकडे बघू लागले.

"प्रभूंना करुणेची सर्दी झाली आहे," महाराज म्हणाले. माणूस हजरजबाबी होता. सिनेमात त्याला फक्त किंकाळी दिली, ही आमचीच चूक. दोघातिघांनी तेवढ्यात बाटल्या नाकाखाली धरल्या.

मी नळी कानात घातली. कान वाहू लागला.

"तुमची दुःखं ऐकून ऐकून प्रभूंचे कान भरून आले."

शेवटी मीच चेन उघडून बाहेर पडलो, हिरवा आणि चिकट.

"प्रभू व्याले," मागून कुणीतरी म्हणालं. एक आजोबा माझ्या पाया पडले.

"उठा हो आजोबा," आत्या म्हणाली. "हा माझ्या भावाचा मुलगा. याला अजून अंथरूण आवरता येत नाही."

मी सगळ्यांदेखत नळीचा माग काढला. कानातून मानेत, मानेतून पाठीत, सतरंजीखालून थेट महाराजांच्या शालीत. शाल उचलली. मांडीखाली रबरी फुगा होता, हिरव्या पाण्याने भरलेला.

"हे माझं हृदय आहे," महाराज म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

आत्याने फुगा दाबला. कानातून धार. पुन्हा दाबला. पुन्हा धार.

"मी तर मनात काही म्हटलंसुद्धा नाही," ती हळूच म्हणाली.

मग प्रत्येकालाच फुगा दाबायचा होता. नवी रांग लागली, जुनीपेक्षा लांब. त्या गडबडीत तिसरा बळी मागच्या दाराने पळाला. सिनेमात एवढा पळाला असता तर वाचला असता.

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कडेची थोडी नजर गेली होती, ती आता येणार नव्हती. उरलेली थेंबांनी टिकेल, म्हणाले. दवाखान्यातून निघताना आत्याचा डावा खांदा दाराला घासला. मी तिच्या डाव्या बाजूने चालू लागलो.

म्हणून सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. जाऊ देत नसतील, तर जे बघायचं ते तिथेच आहे. आणि चालू औषध बंद करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

आत्या आता थेंब चुकवत नाही. परवा मी विचारलं, "हे चुरचुरतात का गं?"

"चुरचुरतात की. पण त्यावरून काय कळतंय? मी डॉक्टरांकडून नजर मोजून घेते."